अफ्लाटॉक्सिन आणि समुद्रशैवालांचे अर्क

शेंगदाणे, मका, सरकी, मिरची अशा पदार्थांवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष मुख्यतः यकृतावर घाला घालते. समुद्रशैवालांचे अर्क हा घाला काही अंशी सौम्य करतात, असे उंदीर आणि मासे यांच्यावरील प्रयोगांत आढळले आहे. माणसांसाठी मात्र हे औषध झालेले नाही.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. त्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढलेली होती. ‘अ’, ‘फ्ला’ आणि ‘टॉक्सिन’ असे जोडून विषाचे नाव तयार झाले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे प्रकार ‘बी’ आणि हिरवे चमकणारे ‘जी’. यांतला बी१ सर्वांत घातक. दूषित पेंड खाणाऱ्या गाईम्हशींच्या दुधात तो एम१ या रूपात उतरतो.

भारतात १९७४ मध्ये पंचमहाल (गुजरात) आणि बांसवाडा (राजस्थान) या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन सुमारे ४०० जण आजारी पडले व १०६ दगावले. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. त्याच घरांतले शिळेपाके खाणारी कुत्रीही याच लक्षणांनी मेली. कारण अन्नातच आहे, याचा तो मोठा पुरावा ठरला.

बी१ मुळात तितका दाहक नाही. त्याला धार चढते ती यकृतातच. तिथले सायटोक्रोम पी४५० गटातले विकर (एन्झाइम) त्याचे इपॉक्साइड हे अतिक्रियाशील रूप बनवतात आणि ते डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटते. पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला पकडून निकामी करते, पण त्याचा साठा संपला की पेशी उघडी पडते. सोबत हेपॅटायटिस-बीचा संसर्ग असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

पेशीच्या या बचावाला बाहेरून जोड मिळेल का, या विचारातून अभ्यासकांचे लक्ष शैवालांच्या अर्कांकडे गेले. सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालांत फ्यूकॉइडन ही गंधकयुक्त शर्करा, फ्लोरोटॅनिन आणि फ्यूकोझँथिन हे केशरी रंगद्रव्य असते. उल्वा या हिरव्या शैवालात उल्व्हान ही तशीच गंधकयुक्त शर्करा. प्रयोगाचा साचा बहुधा ठरलेला असतो : उंदरांच्या एका गटाला नुसते विष, दुसऱ्याला विषासोबत किंवा त्याआधी अर्क. नंतर यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एएलटी, एएसटी ही विकरे मोजायची, ग्लुटाथायोन पाहायचे आणि यकृताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. अर्क दिलेल्या गटात विकरांची वाढ कमी आणि पेशींची रचना बरीच शाबूत, असे अनेकदा दिसते. पण अर्क आधीपासून देणे ही मोठी सवलत आहे. बुरसलेला मका खाणाऱ्याला आपण विष खातो आहोत याची कल्पनाच नसते. शिवाय शैवालाची जात, काढणीचा हंगाम आणि अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यांवर त्यातले घटक बदलतात. म्हणून ‘शैवाल अर्क’ हे एका वस्तूचे नाव धरू नये.

माणसांवरचा ठोस पुरावा शैवालाचा नव्हे, हरितद्रव्यापासून बनणाऱ्या क्लोरोफिलिनचा आहे. चीनमधील चिदोंग भागात १८० जणांच्या चाचणीत दिवसातून तीन वेळा १०० मि.ग्रॅ. क्लोरोफिलिन चार महिने दिल्यावर लघवीतील अफ्लाटॉक्सिन-डीएनए संयुग ५५ टक्क्यांनी घटले. हे द्रव्य आतड्यातच विषाशी जोडी जमवते, त्यामुळे शरीरात कमी विष शोषले जाते. शैवालांच्या अर्कांचीही माणसांवर अशी चाचणी व्हायला हवी.

रत्नागिरी, मालवणच्या खडकांवर सरगॅसम आणि उल्वा मुबलक दिसतात, पण कोकणात ते खाण्याची परंपरा नाही. स्वतः गोळा करून ‘यकृतशुद्धी’साठी खाऊ नयेत : काही शैवालांत आयोडीन फार असते, तर हिजिकी या जपानी शैवालात आर्सेनिक.

पदार्थ शिजवून किंवा भाजून हे विष पुरते जात नाही. म्हणून खरी राखण शेतात आणि कोठारात : शेंगा लवकर वाळवणे, दाण्यांतला ओलावा ८ टक्क्यांच्या आत ठेवणे, पोती जमिनीपासून वर रचणे. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ओंजळभर दाण्यांतले दोन-तीन सुरकुतलेले, हिरवट पिवळी बुरशी लागलेले, चावल्यावर कडू लागणारे दाणेच बहुतेक विष बाळगून असू शकतात. कूट करण्याआधी दाणे ताटात पसरून निवडले, तर ते हातानेच बाहेर काढता येतात.