सेवामुक्तीचा आदेश आणि सेवामुक्तीचे कारण: आव्हान नेमके कशाला द्यायचे?

सैन्यातून मुदतीआधी घरी परतलेला जवान "मला चुकीचे काढले" असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात. एक म्हणजे, मला काढायलाच नको होते. दुसरी म्हणजे, काढले ते ठीक, पण कागदावर जे कारण लिहिले आहे ते खरे नाही. पहिली तक्रार सेवामुक्तीच्या आदेशाविरुद्ध आहे, तर दुसरी त्या आदेशात नोंदवलेल्या कारणाविरुद्ध. गोव्यातल्या जवानाची ही दोन्ही प्रकरणे शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जाऊ शकतात, त्यामुळे ती एकच आहेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांची मुदत वेगळी, पुरावा वेगळा, आणि जिंकल्यावर पदरात पडणारी गोष्टही वेगळी असते. माझे मत असे की पुष्कळांचे खरे नुकसान दुसऱ्या प्रकारचे असते, पण कज्जा मात्र पहिल्या प्रकारचा मांडला जातो, आणि त्यात मुदत हातची जाते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटवर या विषयाची माहिती शोधली की बहुतेक वेळा अमेरिकेची माहिती समोर येते. तिथे 'सन्मानपूर्वक' आणि 'सन्मानपूर्वकपेक्षा कमी' असे सेवामुक्तीचे दर्जे आहेत, आणि तो दर्जा किंवा त्यामागचे कारण बदलून मागण्यासाठी १५ वर्षांच्या आत अर्ज करता येईल असे स्वतंत्र मंडळही आहे. भारतीय सैन्यात असे दर्जे नाहीत आणि केवळ कारण बदलून देणारे तसे मंडळही नाही. आपल्याकडे कारण हे सेना नियमांतील एका तक्त्यातल्या बाबीच्या रूपाने लिहिले जाते, आणि ते बदलून घ्यायचे तर त्या बाबीला किंवा तिच्यामागच्या वैद्यकीय मताला आव्हान द्यावे लागते.

हे कारण कुठे सापडते? सेना अधिनियम, १९५० च्या कलम २३ प्रमाणे बडतर्फ झालेल्या, काढून टाकलेल्या, सेवामुक्त झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या प्रत्येक जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यायचे असते. ते इंग्रजीत आणि त्या व्यक्तीच्या मातृभाषेत असावे असे कलमातच म्हटले आहे. त्यात तीन गोष्टी असायला हव्यात: सेवा कोणत्या अधिकाऱ्याने संपवली, कोणत्या कारणाने संपवली, आणि एकूण सेवा किती झाली. घरोघरी 'डिस्चार्ज बुक' म्हणून जे पुस्तक जपून ठेवलेले असते त्यात हीच नोंद असते. वकिलाकडे जाण्याआधी ती एक ओळ नीट वाचली तरी अर्धा प्रश्न उलगडतो.

ती ओळ बहुधा सेना नियम, १९५४ मधील नियम १३ चा आणि त्याखालच्या तक्त्याचा उल्लेख करते. शपथ घेतलेल्या जवानांसाठी तक्त्यात तिसरा गट आहे आणि त्यात पाच बाबी आहेत. पहिल्या दोन बाबी भरतीच्या अटी किंवा सेवेची मुदत पूर्ण होण्याच्या आहेत. त्यावर सहसा वाद होत नाही. तिसरी बाब पुढील सेवेस वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्याची, चौथी स्वतःच्या विनंतीची, आणि पाचवी 'इतर सर्व प्रकारची'. सगळा गोंधळ या पाचव्या बाबीत आहे, कारण लाल शाईच्या नोंदी (म्हणजे सेवेच्या कागदात लाल शाईने लिहिलेल्या शिक्षा) झालेला जवानही तिथे जातो आणि ज्याची सेवा आता आवश्यक नाही असे ठरवले गेले तोही तिथेच. कागदावर दोघांच्या नावापुढे तोच आकडा असतो.

आता आदेशाला आव्हान. पाचव्या बाबीखालची सेवामुक्ती ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडर करतो, आणि परिस्थिती परवानगी देत असेल तर त्याने आधी जवानाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी असे नियमात आहे. इथला लढा प्रक्रियेचा आहे: नोटीस मिळाली का, चौकशी झाली का, उत्तराचा विचार झाला का. या बाबतीतला सर्वांत उपयोगी निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिलेला वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणातला. चार लाल शाईच्या नोंदी झाल्या की जवानाला घरी पाठवायचे, असा समज युनिटांत रूढ होता. न्यायालयाने सांगितले की चार नोंदी म्हणजे आपोआप सेवामुक्ती नव्हे. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात प्राथमिक चौकशीची जी अट आहे ती पाळलीच पाहिजे, आणि शिक्षा कशासाठी झाल्या, जवानाने किती वर्षे आणि किती खडतर ठिकाणी सेवा केली, तो पेन्शनच्या किती जवळ आहे, हे सारे पाहिले पाहिजे. मग निकाल जवानाच्या बाजूने लागल्यावर मिळाले काय? पेन्शनला पात्र होईपर्यंत तो सेवेत होता असे मानले गेले आणि सेवेचे सातत्य मिळाले, पण मधल्या काळाचा पगार मिळाला नाही. वर्दी परत अंगावर चढेल या आशेने जो न्यायाधिकरणात जातो त्याने हे आधीच लक्षात घ्यावे. आदेश रद्द झाला तरी बहुधा हाती येते ती कागदावरची सेवा आणि तिच्यावर उभी राहणारी पेन्शन. ही पेन्शन साध्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर मिळते, म्हणून ११ वर्षांवर बाहेर पडलेल्याला आणखी चार वर्षे कागदोपत्री मिळवावी लागतात.

कारणाला आव्हान देणे हा वेगळाच मामला आहे. समजा, नाईक हुद्द्याचा एक जवान ११ वर्षांच्या नोकरीनंतर तिसऱ्या बाबीखाली, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरून, घरी आला. त्याला घरी पाठवले याबद्दल त्याची तक्रार नाही. पाठ खरोखरच कामातून गेली आहे. पण मेडिकल बोर्डाच्या एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर दोन प्रश्न असतात: हे अपंगत्व सेवेमुळे उद्भवले का, आणि सेवेमुळे वाढले का. दोन्हींपुढे 'नाही' लिहिले असेल, तर १० वर्षांहून जास्त सेवेमुळे त्याला इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे वैद्यकीय अपात्रतेमुळे नोकरी संपल्याची पेन्शन, मिळेल, पण अपंगत्वाचा भाग मिळणार नाही. एकापुढे तरी 'हो' लिहिले असते आणि अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त धरले असते, तर सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन्ही मिळाले असते. आयुष्यभराच्या पैशाचा फरक त्या दोन रकान्यांत आहे, आणि सेवामुक्तीचा आदेश रद्द करून मागणाऱ्या अर्जात त्या रकान्यांचा उल्लेखही नसतो, असे व्हायला नको.

या लढ्यात पुरावा वैद्यकीय असतो आणि ओझे बरेचसे सरकारवर असते. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मांडलेला विचार असा: भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत त्या आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असे गृहीत धरायचे आणि नंतर झालेली हानी सेवेमुळे झाली असे मानायचे. आजार आधीपासूनचा होता किंवा भरतीच्या वेळी तो ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. 'शारीरिक ठेवणीमुळे' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होणे पुरेसे नाही. पुढच्या वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात असेही ठरले की अपंगत्वामुळे ज्याला सेवेबाहेर काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त आहे असेच धरले पाहिजे. ज्या अपंगत्वामुळे माणूस नोकरीला नालायक ठरतो ते १५ टक्केच आहे असे म्हणण्यात अर्थ नाही, हे कुणालाही पटेल. मात्र ही सारी मांडणी १९८२ च्या पात्रता नियमांवर आधारलेली आहे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, म्हणून जुन्या निकालाची प्रत घेऊन वकिलाकडे जाण्याआधी आपली सेवामुक्तीची तारीख पाहावी.

या प्रकारात न्यायाधिकरणाच्या आधी खात्याच्याच पायऱ्या आहेत. दावा फेटाळल्याचे पत्र आले की पहिले अपील पहिल्या अपीलीय समितीकडे आणि तिथेही नकार मिळाला तर दुसरे अपील दुसऱ्या समितीकडे जाते. अपिलात 'माझ्यावर अन्याय झाला' एवढेच लिहून चालत नाही. भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, आजार पहिल्यांदा नोंदला गेला ती तारीख, तेव्हाची पोस्टिंग, आणि बोर्डाने कारणे लिहिली की नाही, या चार गोष्टी अपिलात एका खाली एक आल्या पाहिजेत. ही कागदपत्रे रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाला त्यासाठी गोव्यातून चोर्ला घाट ओलांडून बेळगावला जाता येते. नौसैनिकाचे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते, आणि त्याला सेना नियम नव्हे, तर नौदल अधिनियम, १९५७ लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे. कागद तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. स्वतःच्या मेडिकल बोर्डाचे कागद मागण्यात संकोच कसला?

मुदतीचा फरक तर सर्वांत मोठा. सेवामुक्ती ही एका दिवशी घडून संपलेली गोष्ट आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ प्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदन दिले असेल आणि सहा महिन्यांत उत्तर आले नसेल, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुरेसे कारण द्यावे लागते, आणि दहा वर्षांनी जाग आलेल्याला ते देता येणे कठीण असते. पेन्शन मात्र दर महिन्याला मिळायची असते, आणि ती दर महिन्याला नाकारली जाते. म्हणून तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व पेन्शनचा दावा सतत चालू राहणाऱ्या अन्यायाचा मानला. १९८३ साली बाहेर पडलेला तो जवान १९९९ साली न्यायालयात गेला होता. उशीर झाला म्हणून त्याचा दावा बुडाला नाही, पण थकबाकी फक्त अर्जाआधीच्या तीन वर्षांची मिळाली. गावात कुणी सांगितले की फार वर्षे झाली, आता काही होणार नाही, तर आधी विचारावे की नेमके कशाचे काही होणार नाही?

कधी कधी मात्र दोन्ही आव्हाने एकमेकांत मिसळतात. लो मेडिकल कॅटेगरीतल्या, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत टाकलेल्या, जवानाला तिसऱ्या बाबीखाली काढायचे तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची, म्हणजे सेवेस अपात्र ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची, शिफारस लागत असे, आणि ती टाळून पाचव्या बाबीखाली, इतर प्रकारांत घालून, काढण्याची पद्धत पडली होती. राजपाल सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली: वैद्यकीय कारणाने काढत असाल तर वैद्यकीय बाबच लागू होईल आणि बोर्डही बसवावा लागेल. इथे कारण चुकीचे नोंदले गेले म्हणूनच आदेश कोसळतो. अशा प्रकरणात एकाच अर्जात आदेश रद्द करण्याची मुख्य मागणी आणि ते न झाल्यास योग्य बाबीखालचे लाभ मिळावेत अशी पर्यायी मागणी करणे शहाणपणाचे ठरते. वकील हे करतातच, पण अशिलाने विचारून खात्री केलेली बरी.

बडतर्फीची गोष्ट निराळी आहे आणि तिला सेवामुक्ती समजू नये. कोर्ट-मार्शलच्या शिक्षेने किंवा सेना अधिनियमाच्या कलम १९ व २० खालच्या प्रशासकीय आदेशाने बडतर्फ झालेला जवान सर्वसाधारणपणे मागच्या सगळ्या सेवेची पेन्शन व ग्रॅच्युइटी गमावतो. अपवादात्मक प्रकरणात राष्ट्रपती ती मंजूर करू शकतात, एवढीच फट आहे. तिथे केवळ कारणाला आव्हान देण्याला अर्थ नसतो, आदेशालाच हात घालावा लागतो. सेवामुक्तीतही गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता असे कारण लिहिलेले असेल, तर पेन्शनशिवाय ग्रॅच्युइटीवर बाहेर पडलेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही, आणि सरकारी नोकरीतल्या राखीव जागेचा अर्ज तिथेच अडतो. असा नकार हाती येईपर्यंत अनेकांनी आपल्या पुस्तकातली ती ओळ वाचलेलीच नसते.

गोव्यातल्या अर्जदाराला एक सोय आहे, ती कमी लोकांना ठाऊक असते. सेवामुक्ती काश्मीरमध्ये झालेली असो की आसाममध्ये, सेवेबाहेर पडलेली व्यक्ती आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे अर्ज करू शकते, आणि गोवा मुंबई खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाता येते; शिवाय अशा निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराचा दरवाजा बंद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. मात्र न्यायाधिकरणाला वगळून सरळ पर्वरीला उच्च न्यायालयात जाण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर आधी मुंबईची सहा महिन्यांची मुदत तपासून घ्यावी.