व्हीडीआरएल : रिपोर्टातली ती एक ओळ

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्या सोबतीला एक ओळ असते : व्हीडीआरएल, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. बहुतेक घरांत ती वाचलीच जात नाही. वाचून अर्थ कळलाच, तर 'आमच्या सुनेची ही तपासणी कशाला?' असा फणकारा ठरलेला. ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणी, चारित्र्याची नव्हे. आणि सरसकट सगळ्या गरोदर बायांची केली तरच तिचा उपयोग.

एरवी आपली सरकारी व्यवस्था लक्षणांवर चालते. लैंगिक आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९४६पासूनचा. १९९२मध्ये तो एड्स नियंत्रणाच्या, म्हणजे नॅकोच्या छत्राखाली आला. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जंतू कोणता याच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी किट : परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया, या दोन्ही लैंगिक आजारांवरची औषधं एकदम. जखम असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. नागिणीच्या जातीचे फोड असतील तर लाल. रिपोर्ट न्यायला पुन्हा कोण येणार, हा त्यामागचा रोकडा हिशेब. पुरुषांत तो बरा जमतो. बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्यात फसतो, कारण त्याची कारणं बरीचशी लैंगिक संसर्गाची नसतातच.

आणि गरमीत तर लक्षणंच दगा देतात. पहिली जखम दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरते. रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्यांची निम्मी कीर्ती या आपोआप भरणाऱ्या जखमेवर उभी आहे. जंतू मात्र आत वर्षानुवर्षं राहतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो.

म्हणून रक्त. आरपीआर ही व्हीडीआरएलचीच, पण सूक्ष्मदर्शकाविना नुसत्या डोळ्यांनी वाचता येणारी बहीण. पांढऱ्या कार्डावरच्या वर्तुळात रक्तद्रवाचा थेंब, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळलेलं अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटतात तो पदार्थ), आणि कार्ड यंत्रावर आठ मिनिटं गोल फिरवायचं. करडं पाणी एकसारखं राहिलं तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. काळ्या गुठळ्या दिसल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह. गंमत अशी की त्या अँटिजेनमध्ये गरमीचा जंतू नसतोच. असते कार्डिओलिपिन, आपल्याच पेशींतल्या मायटोकाँड्रियात सापडणारी चरबी. संसर्गात पेशींची मोडतोड होते, जंतूच्या अंगावरही तशीच चरबी असते, आणि शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. एका अँटिबॉडीला अनेक हात. दोन हातांनी दोन कण धरले की जाळं विणलं जातं, कोळसा त्यात अडकतो. पण अँटिबॉडी फारच झाल्या तर प्रत्येक कणाला वेगळ्या अँटिबॉडी झाकून टाकतात, कण एकमेकांना जोडलेच जात नाहीत, आणि जोरदार संसर्ग असूनही कार्ड स्वच्छ दिसतं. याला प्रोझोन म्हणतात. उपाय : रक्तद्रव पातळ करून पुन्हा बघणं.

पातळ करण्याला दुसराही अर्थ आहे. निम्मं, पाव, एक अष्टमांश असं करत गुठळी कुठवर टिकते तो टायटर. उपचारानंतर तो १:३२वरून १:८वर, म्हणजे चौपट उतरला, तर औषध लागू पडलं. थेट जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टीपीएचए किंवा बोट टोचून करायची पट्टी हे सांगू शकत नाही. ती बऱ्या झालेल्या माणसातही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उलट ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), मलेरिया, कधी नुसतं गरोदरपणही आरपीआरला चकवतं. म्हणून एकीवर दुसरीची खातरजमा.

औषध जुनंच : २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन. हा जंतू सुमारे तीस तासांत एकदा दुभागतो आणि पेनिसिलिन दुभागतानाच मारतं, त्यामुळे स्नायूतून आठवडेभर हळूहळू झिरपणारं इंजेक्शनच हवं. बाळाच्या दृष्टीने ते प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवं. तपासणी पहिल्या तिमाहीत करायची ती यासाठी. आणि नवऱ्यालाही बोलावून तपासावं, औषध द्यावं लागतं. तो आला नाही, तर उतरलेला तिचा टायटर पुढच्या खेपेला पुन्हा चढलेला सापडू शकतो.