शिट्टी तीच, गंधार वेगळा

लेक डब्लिनच्या शाळेत दुसरीत गेली तेव्हा सामानाच्या यादीत अगदी खाली एक ओळ होती: 'टिन व्हिसल, डी', म्हणजे डी पट्टीची पत्र्याची उभी शिट्टी. मी घाईत जे मागवलं ते पांढरं, प्लास्टिकचं, वर चोच आणि खाली भोकं असलेलं होतं. आजीने व्हिडिओवर पाहून "पिपाणी छान आहे" म्हटलं आणि विषय संपला. तो रेकॉर्डर निघाला. तेही आम्हाला महिनाभराने कळलं, कारण सुरुवातीला काहीच बिघडत नाही.

ते का बिघडत नाही, यातच व्हिसल आणि रेकॉर्डर या दोघांचं नातं आहे. दोन्हीच्या चोचीत फुंकर एका अरुंद फटीतून जाते आणि समोरच्या धारेवर आपटून सूर होतो. आडव्या बासरीसारखा ओठांचा कोन साधावा लागत नाही. फुंकलं की वाजतंच. आपल्याकडचा पावा आणि जत्रेतली उभी बासरी याच घराण्यातली. म्हणून मूल पहिल्याच दिवशी खूश असतं.

शिवाय पहिले सूरही तेच (सुरांची इथली नावं ए ते जी अशी). व्हिसलवर डाव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं की बी, दोन ठेवली की ए, तीन ठेवली की जी. रेकॉर्डरवरही अगदी हेच, फक्त मागचं भोक अंगठ्याने झाकलेलं हवं. पुढे पाच बोटांना ई, सहा बोटांना डी, इथपर्यंत दोघं हातात हात घालून चालतात. घोटाळा मधल्या सुरावर होतो. व्हिसलवर चार बोटं ठेवली की एफ शार्प लागतो, म्हणजे एफपेक्षा अर्धा सूर वरचा. रेकॉर्डरवर तीच चार बोटं ठेवली तर शार्प येत नाही, खालचा एफ किंवा त्याच्या आसपासचा काहीतरी सूर येतो. तिथे एफ शार्पसाठी वरची तीन बोटं ठेवून चौथं उचलायचं आणि पाचवं-सहावं परत ठेवायचं. डीला सा धरला तर हा आपला गंधार. म्हणजे वीस मुलं शुद्ध गंधार वाजवताहेत आणि आमची लेक मन लावून कोमल! बाईंनी तिच्या हातातून वाद्य घेतलं, उलटवलं, मागचं भोक पाहिलं आणि हसल्या.

तेव्हा ओळखायचं तर मागे पाहा. अंगठ्याचं भोक असेल तर रेकॉर्डर. पुढे सात भोकं, त्यातली खालची दोन बहुधा जोडभोकं. टिन व्हिसलला पुढची सहाच, मागे काही नाही. करंगळी आणि डावा अंगठा नुसते धरायला.

नावांनीही गोंधळ वाढतो. रेकॉर्डर म्हटलं की आजीला टेपरेकॉर्डर आठवतो. पण जुन्या इंग्रजीत 'रेकॉर्ड' या क्रियापदाला सूर घोटणं असाही अर्थ होता. हे दरबारी वाद्य. जर्मन संगीतकार बाखने आपल्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो या वाद्यरचनांमध्ये ते वापरलंय. पुढे आडव्या फ्लूटने त्याला मागे टाकलं, विसाव्या शतकात आर्नोल्ड डोल्मेचसारख्या जुनी वाद्यं नव्याने घडवणाऱ्यांनी पुन्हा उभं केलं आणि प्लास्टिक आल्यावर ते शाळांच्या दप्तरात शिरलं. टिन व्हिसलचं कूळ साधं. इंग्लंडमधल्या सफोकच्या रॉबर्ट क्लार्कने 1843 मध्ये पत्र्याच्या शिट्ट्या करून विकायला सुरुवात केली. स्वस्त म्हणून गरिबांच्या हातात गेली आणि आयर्लंडने ती आपलीच करून टाकली. 1950च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर पोरं हीच वाजवत. तिथल्या क्वेला संगीताचा आवाज तो हाच.

वाजवताना खरा फरक श्वासात आहे. रेकॉर्डरवर वरच्या सप्तकात जायचं तर अंगठ्याचं भोक किंचित उघडायचं. व्हिसलवर बोटं तीच, फक्त फुंक जोरात. खालच्या सप्तकाला बशीतला चहा निववतो तेवढीच फुंकर हवी, वरच्याला चुलीत फुंकणीने फुंकतो तशी. मुलं मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकतात, म्हणून घरभर 'चीं'. ते बेसूर नसतं, न मागता आलेलं वरचं सप्तक असतं. शेजाऱ्यांना हे समजावण्यात अर्थ नाही, पण मुलाला सांगितलं तर ते रडत नाही. दुसरं कारण बोटाचं टोक. भोक टोकाने नाही, बोटाच्या गादीने झाकायचं. उचलल्यावर गादीवर गोल वळ दिसला की बरोबर.

रेकॉर्डर सगळे अर्धसूर देतो, व्हिसल मुख्यतः डी आणि जी या दोनच पट्ट्या. कागदावर हे व्हिसलचं उणेपण. सात वर्षांच्या मुलासाठी मला ती मेहेरबानी वाटते. चुकीचा सूर लागायला जागाच कमी. आपल्या भाषेत डी म्हणजे पांढरी दोन. सगळी बोटं ठेवून सा, मग खालून एकेक उचलत रे, ग, म, प, ध, नी. सगळे शुद्ध. त्यातले म आणि नी गाळले की भूप, म्हणून संगीत न शिकलेल्या बापालाही मुलाबरोबर पहिल्या आठवड्यात काहीतरी वाजवता येतं. बासरी येत असेल तर आणखी सोपं: वरची तीन बंद करून सा धरा, म्हणजे पांढरी पाच. मध्यम तेवढा जपून, पहिलं बोट उचलून दुसरं-तिसरं ठेवायचं.

शिकवण्याची रीतही निराळी. रेकॉर्डरच्या वर्गात बहुतेकदा समोर स्वरलिपी असते आणि प्रत्येक सुराला जिभेने 'तु'. चार जणांनी चार आकाराचे रेकॉर्डर घेऊन एकत्र वाजवायचं असेल, पुढे क्लॅरिनेट-फ्लूट शिकायचा असेल, तर मी बिनदिक्कत रेकॉर्डर म्हणेन. आयरिश व्हिसल मात्र मुख्यतः कानाने शिकतात. जीभ कमी, बोटं जास्त. सूर लागण्याआधी वरचं बोट क्षणभर उचलतात त्याला तिथे 'कट' म्हणतात. गाणं शिकलेली माझी बहीण ऐकताच म्हणाली, "अगं, हा तर कण!"

आमचा पांढरा रेकॉर्डर वाया गेला नाही. धाकट्याचा अंगठा मागच्या भोकावरून सारखा सरकतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावलीय. आता तो बी, ए, जी वाजवतो, आणि ताईने चार बोटं ठेवली की तोही ठेवतो. मग दोघांचं गंधारावरून भांडण.