किंथुप

एकोणिसाव्या शतकात परक्यांना बंदी असलेल्या तिबेटात शिरून त्सांगपो नदीचा माग काढणारा सिक्कीमचा प्रवासी. दार्जिलिंगात शिंपीकाम करून तो पोट भरत असे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कागदांत त्याचं नाव ‘के. पी.’ एवढंच. तिबेटातली त्सांगपो आणि आसामातली ब्रह्मपुत्रा एकच आहे का, याचा निकाल लावण्याच्या कामी तो १८८० साली निघाला, वाटेत गुलाम म्हणून विकला गेला, आणि चार वर्षांनी काम पुरं करून परत आला. तो खरं बोलत होता हे लोकांना पटायला मात्र आणखी जवळजवळ तीस वर्षं लागली.

मुळात प्रश्न नदीचा होता. कैलासाच्या बाजूला उगम पावलेली त्सांगपो तिबेटचं पठार पश्चिमेकडून पूर्वेकडे कापत जाते आणि नाम्चा बार्वा (७,७८२ मीटर) या शिखराजवळ खोल घळीत शिरून दिसेनाशी होते. घळीच्या तोंडाशी तिचं पात्र समुद्रसपाटीपासून नऊ हजार फुटांच्या आसपास. पलीकडे आसामच्या मैदानात दिहांग, म्हणजे आजची सियांग, बाहेर पडते ती जेमतेम पाचशे फुटांवर. मधलं अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही. एवढी मोठी नदी एवढ्या थोड्या अंतरात इतकी खाली उतरते कशी? काहींना वाटे, मध्ये नायगारासारखा एखादा प्रचंड धबधबा असणार. ब्रह्मदेशात काम करणारा रॉबर्ट गॉर्डन हा इंजिनियर तर त्सांगपो इरावतीला मिळते असं हट्टाने मांडत होता. सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन हेन्री हार्मनने आसामातल्या नद्यांचा विसर्ग मोजला होता आणि त्याचा कौल दिहांगच्या बाजूने होता. पण मोजमापाने अंदाज पक्का होतो, वाद मिटत नाही. त्यासाठी कुणीतरी घळीत उतरायला हवं होतं.

आणि तिथे गोऱ्याला जाता येत नव्हतं. १७९२च्या गुरख्यांच्या युद्धानंतर तिबेटने आपल्या वाटा परक्यांना बंद केल्या. फिरंगी दिसला की गावकरी त्याला पुढे सरकू देत नसत, कारण त्याची शिक्षा गावालाच भोगावी लागे. यावर सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन मॉन्टगोमेरीने १८६०च्या दशकात तोड काढली: यात्रेकरू किंवा व्यापारी म्हणून सहज खपून जातील अशी हिमालयातलीच माणसं शिकवून पाठवायची. कुमाऊंचा नैनसिंह रावत यांतला सर्वांत नामांकित. डेहराडूनला या लोकांना एकाच लांबीची पावलं टाकायला शिकवत. जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ एकदा फिरली की दहा हजार पावलं झाली. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. नैनसिंह अशा तऱ्हेने १८६६च्या जानेवारीत ल्हासाला पोचला होता. या मंडळींना खात्यात ‘पंडित’ म्हणत आणि त्यांची खरी नावं लपवून आद्याक्षरांनी ओळखत.

किंथुप हा त्या अर्थाने पंडित नव्हता. १८७८-७९ मध्ये नेमसिंग नावाच्या सर्वेक्षकाबरोबर तो मदतनीस म्हणून त्सांगपोच्या काठाने घळीच्या तोंडापर्यंत, ग्याला या गावापर्यंत, जाऊन आला होता. वाट माहीत, अंगात दम आणि माणूस भरवशाचा. पण लिहिता येत नाही, म्हणून पुढच्या मोहिमेचा प्रमुख होणं शक्य नव्हतं. हार्मनने दार्जिलिंगला राहणारा एक लामा प्रमुख म्हणून निवडला (बहुतेक नोंदींत तो चिनी आहे, काहींत मंगोल) आणि किंथुपला त्याचा नोकर म्हणून सोबत दिलं. काम असं: ग्यालाच्या पुढे जमेल तितकं खाली जायचं. आसामपर्यंत पोचता आलं तर उत्तमच. नाहीच जमलं, तर खूण केलेले पाचशे ओंडके ठरलेल्या दिवसांत नदीत सोडायचे. खाली आसामात हार्मनची माणसं पाण्यावर पहारा ठेवतील. ओंडके दिहांगमधून वाहत आले की प्रश्न सुटला. ओंडक्यांना बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्याही त्याने बरोबर दिल्या होत्या.

७ ऑगस्ट १८८० रोजी दोघे दार्जिलिंगहून निघाले. लामाच्या हाती सरकारी पैसा होता आणि तो त्याने सरकारी कामाखेरीज सगळ्यावर खर्च केला. थुन त्सुंग या गावी त्याने चार महिने मुक्काम ठोकला, कारण यजमानाच्या बायकोवर त्याचं मन बसलं. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा यजमानाला भरपाईचे २५ रुपये मोजून सुटका करून घ्यावी लागली. ते किंथुपने मोजले. तरीही १८८१च्या वसंतात दोघे ग्यालाच्या पुढे पेमाकोचुंग या एकाकी मठापर्यंत पोचले. पुढे घळीत वाट नव्हती. मागे फिरून वळसा घालत ते मे महिन्यात तोंगक्युक या किल्ल्याच्या गावी आले. दोन-तीन दिवसांत येतो, असं सांगून लामा निघून गेला. दिवस उलटत गेले, लामा काही आला नाही. झोंगपोनने, म्हणजे किल्ल्याच्या अधिकाऱ्याने, किंथुपला कामाला जुंपलं, तेव्हा त्याला उमगलं की लामाने आपल्याला विकलं आहे.

दहा महिने त्याने तिथे गुलामी केली. मार्च १८८२मध्ये संधी साधून तो पळाला. इथे एक गोष्ट नजरेआड होते. पळालेल्या माणसाला घरची वाट मोकळी होती, किंवा निदान घराच्या दिशेची तरी. त्याने नदीची वाट धरली. खालच्या अंगाला पेमाको प्रदेशात मारपुंग नावाचा मठ होता, तीसेक भिक्षू आणि पंधरा भिक्षुणींचा. तिथे पोचतो न पोचतो तोच झोंगपोनची माणसं पाठलाग करत आली. किंथुपने मठाच्या मुख्य लामाचे पाय धरले, आपण यात्रेकरू आहोत आणि सोबत्याने आपल्याला विकलं, असं सांगितलं. लामाने ५० रुपये देऊन त्याला सोडवलं. सोडवलं म्हणजे विकत घेतलं. किंथुप आता मठाचा गुलाम झाला.

साडेचार महिने राबल्यावर त्याने यात्रेसाठी रजा मागितली. तिबेटात यात्रेला नाही म्हणत नसत. रजा मिळाली ती त्याने जंगलात घालवली. नदीजवळ एकट्याने झाडं तोडायची, फूटभर लांबीचे ओंडके पाडायचे, मोजायचे, आणि कुणी फिरकत नाही अशा गुहेत नेऊन रचायचे. असे पाचशे. मोजायला आणि शिवायला अक्षरओळख लागत नाही. शिंप्याच्या हाताला माप ठाऊक असतं. काम संपवून तो मुकाट्याने मठात परत आला, कारण ओंडके तयार झाले तरी ते कधी सोडणार हे आसामात कळवलं नाही तर सगळं फुकट.

कळवायचं म्हणजे पत्र. पत्र म्हणजे दुसऱ्याचा हात. दोनेक महिन्यांनी त्याने पुन्हा यात्रेची रजा काढली, यावेळी त्सारीच्या पवित्र डोंगराची. त्सारीहून तो ल्हासाला गेला आणि तिथे सिक्कीमचा एक काझी, म्हणजे तिथला जमीनदार-अंमलदार, गाठून त्याच्याकडून नेमसिंगच्या नावे पत्र लिहवून घेतलं. पत्राचा इंग्रजी तर्जुमा पुढे छापला गेला. मजकूर अगदी थोडक्यात आहे: सोबतच्या लामाने मला विकलं आणि सरकारी सामान घेऊन पळाला, त्यामुळे प्रवास वाईट झाला, तरी हुकमाप्रमाणे पाचशे ओंडके तयार आहेत, पाणी-मेंढी वर्षाच्या (तिबेटी कालगणनेतलं वर्ष, म्हणजे १८८३) दहाव्या महिन्यात ५ तारखेपासून १५ तारखेपर्यंत रोज पन्नास ओंडके पेमाकोतल्या बिपुंगहून त्सांगपोत टाकीन. दोन वर्षांच्या हालांना त्यात एकच वाक्य मिळालं आहे. काझीच्या बायकोबरोबर पत्र दार्जिलिंगकडे गेलं आणि किंथुप परत मारपुंगला, गुलामीत.

आणखी नऊ महिने गेले. याची यात्रेची ओढ पाहून मुख्य लामा प्रसन्न झाला आणि त्याने त्याला मुक्त केलं. किंथुप बिपुंगला आला, महिनाभर लोकांचे कपडे शिवून चार पैसे जोडले, आणि ठरलेल्या दिवसांत, १८८३च्या अखेरीस, रोज पन्नास असे दहा दिवस ओंडके नदीत सोडले.

खाली कुणीच नव्हतं. हिमालयातल्या कामात तब्येत खालावलेला हार्मन मायदेशाच्या वाटेला लागला होता आणि त्याच वर्षी युरोपात मरण पावला. पत्र त्याला मिळालंच नाही. ओंडके दिहांगमधून उतरले, ब्रह्मपुत्रेच्या मैलोगणती रुंद पात्रात पसरले आणि बंगालच्या उपसागराकडे गेले. अर्थात, पहारा असता तरी काय दिसलं असतं हा प्रश्न आहेच. ज्याला आपण नदी न म्हणता नद म्हणतो, त्या पाण्यावर फूटभर लाकडं हेरणं हे कागदावर जितकं सोपं वाटतं तितकं नाही. बेत हार्मनचा होता; त्यातली उणीव निस्तरायची वेळ कुणावर आलीच नाही.

किंथुपने त्यानंतरही नदीकाठाने खाली उतरून पाहिलं. ओनलेट या गावाच्या टापूपर्यंत तो आला, ब्रिटिश हद्द तिथून फारशी लांब नव्हती. पण पुढचा मुलूख ज्यांचा, ते लोक परक्याला जाऊ देणारे नव्हते. शेवटी सगळा फेरा उलटा करून, ल्हासावरून, तो १७ नोव्हेंबर १८८४ रोजी दार्जिलिंगला पोचला. ज्याने पाठवलं तो जिवंत नव्हता.

त्याची हकिगत लिहून घ्यायला आणखी दोनेक वर्षं गेली. ती त्याने तोंडी सांगितली, उग्येन ग्यात्सो या लामाने उतरवून घेतली, नोर्पू नावाच्या दुभाष्याने इंग्रजी केली, आणि कर्नल टॅनरने अहवाल तयार केला; तो १८८९मध्ये छापून आला. चार वर्षांची वाट, गावांची नावं, मुक्काम, अंतरं, वस्त्यांतली घरं, हे सगळं एकही कागद जवळ नसताना डोक्यात ठेवलेलं. खात्यातल्या काहींनी ते मानलं. इतरांचं म्हणणं, अडाण्याच्या आठवणीवर नकाशा काढायचा का? त्यात इतर पंडितांप्रमाणे मोजलेली पावलं नव्हती, उंचीच्या नोंदी नव्हत्या. किंथुप शिवणयंत्राकडे वळला. मधल्या काळात लॉरेन्स वॉडेल या तिबेटच्या अभ्यासकाने आपल्या हिमालयातल्या भटकंतीत त्याला बरोबर घेतलं, तेवढीच काय ती दखल.

अहवालातल्या एका वाक्याने मात्र भलतीच खळबळ उडवली. पेमाकोचुंगपासून दोन मैलांवर त्सांगपो सिंजी-चोग्याल नावाच्या कड्यावरून सुमारे १५० फूट खाली कोसळते आणि पायथ्याच्या डोहावर कायम इंद्रधनुष्य दिसतं, असं त्यात छापलं होतं. पुढची पंचवीस वर्षं भूगोलवाल्यांच्या डोळ्यांपुढे तोच धबधबा नाचत राहिला.

१९१३मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोघे अधिकारी आसामच्या बाजूने घळीत शिरले. किंथुपने सांगितलेली गावं एकामागून एक, सांगितलेल्या क्रमाने, सापडत गेली. पेमाकोचुंगला त्सांगपोवर धबधबा होता, पण जेमतेम तीस फुटांचा. इंद्रधनुष्य तेवढं खरं होतं. दीडशे फुटांवरून पडणारं पाणी सापडलं ते ग्यालाजवळ, एका लहानशा ओढ्याचं, धारेमागे मृत्युदेव शिंजे चोग्यालची मूर्ती असलेलं. शिंजे म्हणजे यम. ही दोन ठिकाणं कुठेतरी एकाची एक झाली होती. मोठ्या धबधब्याचा शोध पुढेही चालूच राहिला. फ्रँक किंग्डन-वॉर्ड १९२४-२५मध्ये घळीतला बराचसा भाग पाहून आला, तरी काही मैलांचा तुकडा सुटला, आणि त्याच तुकड्यात १९९८ साली शंभर फुटांहून थोडा उंच धबधबा मिळाला. त्या जागी किंथुप गेलेला नव्हता.

परतल्यावर बेलीने किंथुपचा शोध घेतला. तो दार्जिलिंगातच होता, अजून शिवणकामच करत होता. त्याला सिमल्याला बोलावलं. धबधब्याबद्दल विचारलं तेव्हा त्याचं उत्तर सरळ होतं: उंच धार ओढ्याची, ग्यालाची, नदीवरची उडी लहान, पेमाकोचुंगची. आपण दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. सांगणं, उतरवणं, भाषांतर या तीन टप्प्यांत कुठेतरी त्या मिसळल्या असणार, असं बेलीने मानलं. ज्या वाक्यापायी त्याच्यावर अविश्वास दाखवला गेला, ते वाक्य छापल्यावर किंथुपला कधी वाचता येणारच नव्हतं.

बेलीने त्याला लहानसं पेन्शन मिळावं म्हणून खटपट केली. सरकारने हिशेब घातला: माणूस नव्वद वर्षांचा होईपर्यंत जगला तर खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही. त्यापेक्षा एकरकमी हजार रुपये द्यावेत. ते किंथुपला मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच तो वारला.