भरतीच्या तीन तासांचा हिशेब

नवी मुंबईत पाणी तुंबलं की सगळे विचारतात, 'किती मिलिमीटर पडला?' आधी विचारायला हवं, 'भरती कितीला होती?' इथले बरेच सखल भाग उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहेत. म्हणूनच सिडकोने नाल्यांच्या मुखाशी पावसाचं पाणी साठवून धरणारे धारण तलाव केले आणि त्यांचं पाणी खाडीत पडतं तिथे झडपा बसवल्या.

झडप वरच्या बिजागरीवर लटकते. आतलं पाणी चढलं की खाडीकडे उघडते, खाडी चढली की तिच्याच दाबाने मिटते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. खाडीचं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या खारबांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, जुन्या आगरी शेतकऱ्यांनी याच तत्त्वावर चालवली.

झडप मिटली की पाऊस तलावातच थांबतो. समजा, 100 हेक्टर वस्तीवर तासाला 50 मिमी पाऊस आहे आणि झडप तीन तास बंद आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, म्हणजे एकूण 1,50,000 घनमीटर. काँक्रीटवरून त्यातलं 80 टक्के आलं तरी 1,20,000. 10 हेक्टरच्या तलावाची पातळी 1.2 मीटर चढणार. ओहोटीला रिकाम्या होणाऱ्या भागात सरसकट 60 सेंमी गाळ बसला असेल, तर निम्मी जागा आधीच गेलेली. सेकंदाला 1 घनमीटर ओढणारा पंप लावला तरी ताशी 3,600 घनमीटरच निघतं; येतं ताशी 40,000.

गाळ कोवळा असतानाच काढावा. त्यात एकदा कांदळवन रुजलं की उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ते योग्यही आहे.

झडप बिघडायला मोठं काही लागत नाही. उंबऱ्यावर एक नारळ अडकला की चार बोटांची फट राहते आणि भरतीचं पाणी उलटं आत शिरतं. म्हणून ओहोटीला उंबरा साफ करून बिजागरीला ग्रीस द्यायचं, रबरी पट्टी चाचपायची. भरतीला आतल्या बाजूने उलटी धार दिसते का, ते बघायचं.

तळमजल्यावाल्यांनी भरतीचं वेळापत्रक जवळ ठेवावं. दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढणाऱ्या दिवसांत तोच पाऊस बहुधा निभावतो. पाणी अनेकदा दारातून येण्याआधी न्हाणीच्या जाळीतून वर येतं. जाळीवर जाड प्लास्टिक पसरून वर वाळूची भरलेली पिशवी दाबून ठेवा, आणि पाय ओले होण्याआधी मेन स्विच बंद करा.