सान्न म्हणजे इडली नव्हे

नाताळ आठ दिवसांवर आला की मला एक फोन ठरलेला. या वेळी तो पुण्याच्या मावसबहिणीचा होता. "ताई, सान्नांचं पीठ रात्रभर ठेवलं. पहाटे उठले तर पातेल्याबाहेर आलेलं, आणि आता साडेनऊला पार तळाशी बसलंय. आंबट वासही येतोय. सोडा घालू का?" रात्रभर कशाला ठेवलंस, असं विचारलं तर म्हणाली, "इडलीचं ठेवतो तसंच की!"

सगळा घोटाळा या "तसंच की"मध्ये आहे. हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'गोअन इडली' असं छापलेलं असतं. स्वयंपाकाच्या व्हिडिओंमध्ये 'गोव्याची मऊ लुसलुशीत इडली' म्हणून सान्नं दाखवतात. दोन्ही पांढरी, गोल, तांदळाची, वाफवलेली. पण 'गोव्याची इडली' हे नाव एकदा डोक्यात बसलं की हातही इडलीच्या सवयीने चालतात आणि नाताळच्या जेवणाला ताटात चपट्या, आंबट चकत्या येतात. गेली वीस वर्षं मी हे बघते आहे.

इडलीबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही. उडीद-तांदूळ भिजवायचे, वाटायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी पात्र लावायचं. त्यातला एकच शब्द लक्षात ठेवा: उडीद. पुढे तो लागणार आहे.

सान्न हे गोव्यातल्या, आमच्या वेंगुर्ला-सावंतवाडी-मालवणकडच्या आणि खाली कारवार-मंगळुरातल्या ख्रिस्ती घरांचं सणाचं अन्न. लग्नात, चर्चच्या फेस्ताला (वार्षिक सणाला) आणि नाताळला ते हवंच. सोबत सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, किंवा शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातलं मटण-कोंबडीचं कालवण.

बारीकसारीक फरक पटकन उरकते. सान्न किंचित गोडसर असतं, कारण पिठात साखर आणि ओलं खोबरं असतं. पूर्वी ते छोट्या वाट्यांतून कोंफ्रो नावाच्या तांब्याच्या उभ्या भांड्यात वाफवत. आता बहुतेक घरी इडलीपात्रच वापरतात आणि त्यात काही बिघडत नाही, आकाराने सान्नाची इडली होत नाही. आणि सांदण वेगळं. आपलं सांदण म्हणजे बरक्या फणसाच्या रसात तांदळाची कणी घालून मे महिन्यात करतो तो गोड पदार्थ. नावं जवळची आहेत, एवढंच.

आता खरा फरक. पीठ फुगवतं कोण, आणि फुगलेलं धरून ठेवतं कोण?

इडलीचं पीठ फुगवतात ते प्रामुख्याने जीवाणू. ल्यूकोनोस्टॉक जातीचे हे जीवाणू डाळ-तांदळाबरोबर आपोआप येतात. पिठात ते आम्ल तयार करतात आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सोडतात. काम सावकाश चालतं, म्हणून आठ-दहा तास लागतात, थंडीत त्याहून जास्त. आणि तो वायू निसटत नाही तो उडदामुळे. उडीद वाटताना जो बुळबुळीत चिकटपणा येतो, बोटाला तार धरतो, तीच त्या पिठातली जाळी. ती आणि उडदातली प्रथिनं मिळून वायूचे बुडबुडे अडवून ठेवतात. म्हणून इडलीचं पीठ सोशीक. तासभर उशीर झाला तरी चालतं, हलक्या हाताने ढवळलं तरी चालतं, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांनी काढलं तरी इडली होते.

सान्नाच्या मूळ पिठात उडीद नाही. उकडे तांदूळ, थोडे साधे तांदूळ, ओलं खोबरं आणि सूर. सूर म्हणजे माडाचा आंबू लागलेला रस, आपण ज्याला माडी म्हणतो ती. गोव्यात रेंदेर माडावर चढून सकाळ-संध्याकाळ हा रस काढतो. माडाच्या पोयीतून झिरपतो तेव्हा तो गोड असतो, त्यात सुमारे 15 टक्के साखर असते. पण मडक्यातलं आणि हवेतलं यीस्ट त्यात लगेच कामाला लागतं. यीस्ट साखर खातं, वायू आणि अल्कोहोल सोडतं. काही तासांतच सुराला फेस येतो, आणि सान्नाला हवा असतो तो नेमका हा फेसाळ सूर. पिठात पाण्याऐवजी तोच घालून वाटतात. म्हणजे इडलीच्या पिठाला जीवाणूंची संख्या वाढेपर्यंत थांबावं लागतं. सान्नाच्या पिठात यीस्ट आधीच पुरेपूर असतं आणि त्याच्यासाठी साखरही वाढून ठेवलेली असते. कोकणातल्या हवेत तीन ते पाच तासांत पीठ दुप्पट होतं.

आणि त्याला धरून ठेवणारं कुणीच नसतं. उडदाची जाळी नाही, गव्हातला चिवटपणा नाही. तांदळाचा पिठूळपणा आणि खोबऱ्याचा चोथा यांच्यात वायू जेमतेम थोडा वेळ टिकतो. पीठ वर येतं, काही वेळ तिथे राहतं आणि मग बुडबुडे फुटून बसायला लागतं. यीस्टची साखर संपलेली असते, आंबटपणा वाढलेला असतो, आणि एकदा बसलेलं पीठ पुन्हा उठत नाही. सोडा घालून फुगवलंत तरी आंबट चव तशीच राहते.

वेंगुर्ल्याला आमच्या शेजारच्या मावशीकडे मी हे शिकले. पंचवीस डिसेंबरला सकाळी ती वाटलेलं पीठ मोठ्या पातेल्यात घालायची, आतल्या बाजूला पिठाच्या पातळीवर खडूने रेघ मारायची आणि मला राखणीला बसवायची. पीठ रेघेच्या दुप्पट आलं की हाक मारायची, हे माझं काम. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा अंगणात खेळायला गेले आणि हाक मारायला उशीर झाला. मावशी रागावली नाही. चुलीवरचं पाणी उकळत होतंच, तिने भराभर वाट्या भरल्या आणि म्हणाली, "ह्या पीठ कोणाची वाट बघणा नाय गो." त्या दिवशीची सान्नं जरा बसकी झाली होती. मला अजून आठवतात.

तेव्हा तुमची सगळी इडलीची शिस्त इथे उलटी करा. इडलीचं पीठ तयार झालं की आपण पाणी तापत ठेवतो. सान्नाला पाणी आधी उकळत हवं. इडलीचं पीठ ढवळतो. सान्नाचं फुगलेलं पीठ ढवळायचं नाही, डाव कडेने हळूच घालून वरचं वर उचलायचं. साचा अर्धाच भरायचा, दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा म्हणजे पीठ पुन्हा जरा वर येतं, आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाफ द्यायची. एका घाण्यात सगळं मावणार नसेल तर उरलेलं पीठ पातेल्यातच राहू द्या, पण पुढचा घाणा लगेच लावा. आणि कृपा करून ते फ्रिजमध्ये 'उद्यासाठी' ठेवू नका. उद्या त्याचं सान्न होत नाही.

प्रमाण विचाराल तर दोन वाट्या उकडे तांदूळ, एक वाटी साधे जाड तांदूळ, एक वाटी ओलं खोबरं, साधारण वाटीभर माडी, दोन मोठे चमचे साखर, चवीला मीठ. तांदूळ रात्री भिजवायचे. वाटण इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट. माडी एकदम ओतू नका, वाटता वाटता लागेल तशी घाला.

माडी शहरात मिळत नाही, ही खरी अडचण आहे. गोव्यातही रेंदेर कमी झालेत. पण म्हणून नीरा आणू नका! दर वर्षी कुणीतरी मला अभिमानाने सांगतं की आम्ही नीरा घालून केली. नीरा ही न आंबलेली असते. ती आंबू नये म्हणूनच मडक्याला आतून चुना लावतात, पहाटे उतरवतात आणि थंड ठेवतात. सान्नाला जे हवं तेच तिच्यातून टाळलेलं असतं. ताडी-माडी केंद्रातली माडीही मी स्वयंपाकात घालणार नाही, भेसळीच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. त्यापेक्षा सरळ एक छोटा चमचा कोरडं यीस्ट घ्या, कोमट नारळपाण्यात साखर घालून फेसू द्या आणि माडीच्या जागी ते वापरा. माडीची चव येणार नाही, पण यीस्टचं काम यीस्टच करेल, आणि पीठ तास-दीड तासात वर येईल. पुण्याच्या थंडीत थोडं जास्त धरा आणि पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. फ्रूट सॉल्ट घालून दहा मिनिटांत फुगवलेल्या प्रकाराला मात्र मी सान्न म्हणणार नाही. त्यात आंबवण्याचा वासही नसतो आणि चवही नसते.

"माडी घातली म्हणजे मुलांना द्यायची की नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. पिठाला लागणारी माडी थोडी, तिच्यातलं अल्कोहोल मुळात कमी आणि वाफेवर त्यातलंही बरंचसं उडून जातं. कोकणातल्या कितीतरी पिढ्या लहानपणापासून सान्नं खात आल्या आहेत. ज्यांना तेही नको त्यांनी यीस्ट वापरावं.

मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत सान्नात थोडे उडीद घालतात, हे मला माहीत आहे. ती चूक नाही, त्यांची रीतच तशी आहे आणि त्यामुळे पीठ जरा जास्त तग धरतं. पण तिथेही फुगवायला माडी किंवा यीस्ट लागतंच, म्हणून ते सान्नच. माझी पसंती बिनउडदाच्या सान्नाला. त्याचा मऊपणा ओलसर असतो, जरासा चिकट, आणि सोरपोतेलाचा रस ते इडलीपेक्षा जास्त ओढून घेतं.

सान्नाबरोबर सांबार-चटणी मला सोसवत नाही, त्याचं कारण हेच. सान्न गोडसर ठेवलेलं असतं ते सोरपोतेलाच्या आंबट-तिखटासमोर. आणि ते आंबट येतं कुठून? त्याच माडाच्या रसातून. सूर आठवडेच्या आठवडे आंबत ठेवला की त्याचं व्हिनेगर होतं आणि सोरपोतेलात तेच घालतात. न आंबलेला ताजा रस आटवला की माडाचा गूळ होतो, तो दोदोल या नाताळच्या गोड वडीत जातो. काही तासांचा सूर सान्नात. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि त्यांना पाव फुगवायला यीस्ट हवं होतं, तेव्हाही सूरच कामाला आला. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पुढे कित्येक वर्षं पाव सुरानेच फुगवत. नाताळचं ताट वाढलेलं असतं तेव्हा एकाच झाडाचा रस त्यात तीन वयांचा असतो. म्हणून सान्नाला नुसतं 'एक प्रकारची इडली' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

या सगळ्यामुळे नाताळच्या घराचं वेळापत्रक सान्नाभोवती फिरतं. सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात आणि रोज उकळी देतात, ते मुरल्यावरच चांगलं लागतं. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल हे गोड पदार्थ त्याच्याही आधी डब्यात पडलेले असतात. सान्न मात्र आधी करून चालत नाही. मावशीकडे जेवण एकला असायचं, म्हणून हिशोब उलटा लावायचा. साडेबाराला शेवटचा घाणा उतरायला हवा, तर अकराला पहिला लागायला हवा, म्हणजे सातला पीठ वाटून तयार, म्हणजे साडेसहाला रेंदेर दारात. तांदूळ चोवीसच्या संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्यापूर्वी भिजत पडायचे. घरातली माणसं चर्चमधून परतून दोनला झोपायची आणि मावशी नि तिची सून सहाला उठून रगड्यापाशी बसायच्या. आमच्याकडे दिवाळीला पहाटे फराळाचं ताट भरून त्यांच्याकडे जायचं. त्यांच्याकडून पंचवीसला ताट यायचं ते मात्र दुपारीच, झाकणाखाली अजून वाफ असलेलं. सान्नं झाल्याशिवाय मावशी ताट पाठवत नसे.

उरलेल्या सान्नांसाठी एवढं करा: गार झाली की झाकून ठेवा. सव्वीसला सकाळी पुन्हा पाच मिनिटं वाफ द्या, किंवा मधून आडवी चिरून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत भाजा. सोरपोतेल तोवर आणखी आटलेलं असतं, ते वर घ्या.