लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका

ग्रामोफोनची जुनी तबकडी स्पिरिटने पुसली की आवाज खुलतो, हा सल्ला संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. विनाइल या प्लास्टिकच्या एलपीला, म्हणजे नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीला, पातळ केलेलं अल्कोहोल सहसा बाधत नाही, म्हणून तो खराही वाटतो. पण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या बहुतेक तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाचं पॉलिश असंच बनतं. बोळा काळा झाला की मळ निघाला असं वाटतं. प्रत्यक्षात, ज्या खाचेत आवाज कोरलेला असतो तिची भिंतच निघालेली असते, आणि ती परत येत नाही.

आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. खाचांच्या दिशेनेच पुसा, लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच टिपा. भिजत घालू नका, कारण चिरांमधून पाणी आत शिरतं. सावलीत उभी वाळवा. उन्हात ती वाकते.

एवढं करूनही खरखर राहिली, तर सुई बघा. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८च्या रुंद खाचेत ती तळाशी घासते. तिथे ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. चावीच्या ग्रामोफोनवर मात्र दर बाजूला नवी पोलादी सुई.